खिशातला फ्यूज

आमच्या घरमालकांच्या हातून कुठलीही वस्तू घेणं सोपं नव्हतं. वर्तमानपत्र मागितलं की ते लगेच पुढे करायचे, आपण दुसरं टोक धरायचो, पण ते सोडायचे नाहीत. चष्म्याच्या वरून आपल्या बोटांकडे बघत राहायचे आणि समाधान झालं की मगच सोडायचे. चहाचा ट्रे असो, चुरमुऱ्यांची ताटली असो, नाहीतर घरून आलेलं माझं स्वतःचं पोस्टकार्ड असो, प्रकार हाच.

माझ्या खोलीतली मैत्रीण निपाणीकडची होती. ती म्हणायची, "म्हाताऱ्याचा जीव सुटत नाही गं वस्तूवरनं." ती सरळ हिसका मारून घ्यायची. मग ते नुसतं "हं" म्हणायचे आणि आत जायचे. त्या "हं"मध्ये काहीतरी निकाल असायचा, पण खटला कुठला ते आम्हाला माहीत नव्हतं.

मला ओढता यायचं नाही. अळणावरला आम्ही भावंडं वाढलो ती बरीचशी लोकांनी दिलेल्या वस्तूंवर. माझी शाळेची पुस्तकं शेजारच्या मास्तरांच्या मुलीची, दप्तर दवाखान्यातल्या बाईंच्या घरचं. देणाऱ्यानं सोडेपर्यंत ओढायचं नाही, हावरट दिसतं, असं आईनं शिकवलं होतं. म्हणून मी थांबायचे. ते सोडायचे, मी घ्यायचे. मनात मात्र संशय राहायचाच, की हा माणूस नेमकं बघतो काय?

ते कोर्टात शिरस्तेदार, म्हणजे मुख्य कारकून, होते. मी धारवाडला एम.ए.ला आले ते नव्वदीच्या दशकाचे मधले दिवस. तोवर ते निवृत्त झाले होते, पण गल्लीत त्यांना अजून शिरस्तेदारच म्हणायचे. आम्ही मुली त्यांना अप्पा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला अक्का. सप्तापुरातलं त्यांचं घर बैठं, कौलारू होतं. मागच्या दोन खोल्या ते विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना देत. परसात एक पत्र्याची शेड होती आणि शेडला कुलूप होतं.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझी उलटतपासणीच घेतली. भाडं, जेवण, येण्याजाण्याची वेळ यांपैकी काही नाही. विचारलं ते असं:

"बांगड्या निघतात का?"

"अं?"

"हातातल्या. काढता येतात, की चढवल्या त्या चढवल्या?"

"येतात."

"केस मोकळे सोडता?"

"नाही, वेणी."

"एकदम कुणी ओरडलं तर काय करता? पळता, की आहे तिथं उभ्या राहता?"

मी अक्कांकडे बघितलं. त्या चिकूच्या बिया काढत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घाबरू नको बाळ. सगळ्यांनाच विचारतात. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा विचारलंय."

हे प्रश्न मी घरी कळवले नाहीत. कळवले असते तर बाबा दुसऱ्याच दिवशी पॅसेंजरनं येऊन मला परत घेऊन गेले असते. आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बाबा अळणावरच्या एका सॉ मिलमध्ये कामाला होते. मला शिकायला पाठवायचं हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा धोका होता आणि तो त्यांनी रोज थोडा थोडा भीत पत्करला होता. काही वावगं दिसलं की मला घरी न्यायचं आणि परीक्षा बाहेरून द्यायला लावायची, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बाहेरून परीक्षा म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही कळत होतं. आमच्या गल्लीतल्या ज्या मुली परीक्षा बाहेरून देणार होत्या, त्यांची लग्नं झाली होती.

खोलीतलं टेबल उंच होतं. खुर्चीवर उशी घेऊन बसलं तरच वहीवर हात टेकायचा. वाकून बघितलं तर चारही पायांना खालून सागवानी ठोकळे जोडलेले. मैत्रिणीचं टेबलही तसंच. मग आमचं लक्ष गेलं तर अक्कांचं शिवणाचं मशीन विटांवर होतं, ओसरीवरची टीपॉय जिराफासारखी झाली होती, आणि स्वयंपाकघरातलं स्टूल इतकं उंच होतं की त्यावर बसणारा पाय हलवत बसायचा. घरातली प्रत्येक सपाट वस्तू एकाच उंचीची होती. ज्या खाटेचे पाय वाढवता आले नाहीत, ती खाट त्यांनी विकून टाकली होती.

एखाद्या रविवारी सकाळी दारावर टकटक व्हायची.

"टेबल पाहिजे."

"अप्पा, मी लिहितेय."

"मांडीवर लिही. पूर्वी लोक मांडीवरच लिहायचे."

पुस्तकं खाटेवर ढकलून ते टेबल उचलून न्यायचे. मग परसातून एक आवाज यायचा, आधी गुणगुणल्यासारखा, मग दात शिवशिवतील असा. मध्येच आवाज बंद व्हायचा, बराच वेळ काहीच नाही, आणि पुन्हा सुरू. दुपारी टेबल परत यायचं, त्यावर बारीक पिवळी भुकटी. मैत्रीण म्हणायची, "खणात काय आहे ते बघतो बघ." आम्ही खणाला कागद चिकटवून बघितलं. कागद जसाच्या तसा होता. त्यामुळे संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच.

शेडमधून ते बाहेर आले की भिंतीवरच्या बोर्डातून चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसून काढायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. तो तिथंच असायचा. जेवताना, बाजारात, मठात कीर्तनाला. जड फ्यूजनं त्यांचे सगळे शर्ट डावीकडे ओघळलेले. अक्का म्हणायच्या, "लग्नाला लोक सोन्याची साखळी घालून येतात. आमचे हे फ्यूज घालून."

"कुलूप आहे की शेडला," मी एकदा म्हटलं.

"कुलपाला दुसरी किल्ली असते."

"फ्यूजच्या जागी कुणी तार घातली तर?"

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा जरा आदरानं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून बोर्डालाही कुलूप आलं.

त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि हे ते लपवायचे नाहीत. दूधवाल्यानं "शुद्ध आहे" म्हटलं की त्या दिवशी दूध परत. मला एकदा हुबळीला प्लायवूड आणायला सोबत नेलं होतं. दुकानात त्यांनी प्लायचे शीट एकेक बाहेर काढायला लावले. प्रत्येकाच्या कडेला डोळा लावून बघितलं, नाण्यानं ठिकठिकाणी वाजवून बघितलं, कोपरा हुंगला. एका जागी आवाज बद्द आला. ते पुन्हा पुन्हा तिथंच वाजवत राहिले. दुकानदार कंटाळून म्हणाला, "रायरे, बेकाद्र तगोरि, इल्लांद्र बिडरि." पाहिजे तर घ्या, नाहीतर सोडा.

"आत पोकळ आहे," ते म्हणाले.

"आतलं कुणाला दिसतंय?"

"करवतीला दिसतं. आणि मग ती मला दाखवते."

परत येताना बसमध्ये मला म्हणाले, "हा दुकानदार लबाड आहे, म्हणून मी त्याच्याकडं येतो. लबाड माणसाकडं आपण नीट बघून घेतो. ओळखीच्या दुकानात गेलो असतो तर गप्पा मारत पोकळ शीट घेऊन आलो असतो."

त्या शनिवारी संध्याकाळी ते आमच्या दाराशी आले. मैत्रीण गावी गेली होती. "उद्या सकाळी बांगड्या काढून ये. ओढणी नको. शेडमध्ये."

मी रात्रभर विचार केला. सकाळी आधी स्वयंपाकघरात गेले. अक्कांनी माझा चेहरा बघितला आणि भाजी चिरायची थांबवून म्हणाल्या, "चल, मीही येते. माझी जुनी नोकरी आहे ती."

शेडमध्ये मधोमध एक लहानसं लोखंडी टेबल होतं, आमच्याकडे सणाला मांडतात त्या चौरंगापेक्षा थोडं मोठं. त्याच्या फटीतून गोल करवतीची दातेरी कड वर आलेली. एवढ्याशा टेबलावर अप्पा आठ फूट बाय चार फुटाचा शीट कापायचे. कपाटं, पुस्तकांचे रॅक, देव्हारे. गल्लीत क्वचितच एखादं घर असेल जिथं त्यांचं काही नव्हतं. सुताराला का देत नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "सुतार घाईत असतो."

माझं टेबल, टीपॉय, शिवणाचं मशीन, स्टूल सगळी मंडळी करवतीच्या चहूबाजूंनी उभी होती, एका पातळीत. आता उंचीचा उलगडा झाला. मोठा शीट लहान टेबलावर टेकला की त्याचा सगळा भार बाहेर लोंबतो, एका बाजूला कलतो, आणि कलला की करवतीत अडकतो. म्हणून सगळं घर त्यांनी शीटला टेकायला उभं केलं होतं. आधी शीट जमिनीवर लाकडी पट्ट्यांवर ठेवून ते हातकरवतीनं दोन तुकडे करत. मोठी वस्तू एकदम मशीनपुढे न्यायची नाही, हा पहिला नियम. पण अर्धा तुकडासुद्धा माणसाएवढा. ते पुढून ढकलणार, तर कापून पलीकडं येणारा भाग धरायला कुणीतरी लागायचं.

"इतकी वर्षं मी धरत होते," अक्का म्हणाल्या. "मोतीबिंदू झाला आणि मला काढून टाकलं. यांना कोर्टातनं निवृत्त केलं तेव्हा हार घातला, फोटो काढला. मला निवृत्त करताना चहासुद्धा विचारला नाही."

"तालमीत नापास झालीस."

"एकदा झाले."

"कापायला एकदाच लागतं."

तालीम म्हणजे त्यांची खास पद्धत. प्रत्येक कापाआधी तोच काप मशीन बंद ठेवून करायचा. फ्यूज खिशात, करवत टेबलाच्या खाली उतरवलेली. शीट पात्याशेजारच्या उभ्या पट्टीला टेकवायचा, पुढं न्यायचा, पलीकडच्यानं घ्यायचा, शेवटपर्यंत. हात कुठून कुठं गेला, पाय कुठं होता, कोण कुणाच्या वाटेत आलं. काही चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. सगळं बरोबर झालं तर फ्यूज खिशातून निघायचा. म्हणून तो मधला बराच वेळ शांत असायचा.

"तुझं काम काय?" त्यांनी विचारलं.

"शीट धरायचा."

"धरायचा नाही. खालून हात द्यायचा. येईल तसा येऊ द्यायचा. ओढायचा नाही. ओढलास तर तो पट्टी सोडून तिरका होतो, पात्याची मागची बाजू त्याला पकडते आणि माझ्या पोटावर फेकते. आवाज बदलला, मी ओरडलो, साप आला, तरी ओढायचा नाही."

मग मला वर्तमानपत्राचा अर्थ लागला. ट्रेचा, ताटलीचा, पोस्टकार्डाचा. "म्हणजे तुम्ही इतके दिवस..."

"वर्षभर. तू एकदाही ओढलं नाहीस." जरा थांबून म्हणाले, "तरी मला खात्री नाही."

मला त्या वाक्याचा राग यायला हवा होता. पण तालमीत मी उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, खात्री नाही म्हणूनच ते माझ्या बोटांकडं इतकं बघत होते. माझ्या बोटांची एवढी काळजी त्याआधी कुणी उघडपणे केली नव्हती.

त्यांचं साक्षीदारांबद्दल एक मत होतं. म्हणायचे, "खोटं बोलणारा साक्षीदार फार बिघडवत नाही. त्याच्यावर वकिलांचा डोळा असतो. बिघडवतो तो सवयीनं बोलणारा. रोज बघतो म्हणून त्या दिवशीही बघितलं असं सांगणारा. त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं की त्या दिवशी त्यानं बघितलेलं नाही."

पुढच्या वर्षी, परीक्षेला थोडे दिवस राहिले असताना, बाबा न कळवता आले. खांद्यावर तांदळाची पिशवी आणि हातात फणस. फाटकातच थांबले. परसातून आवाज येत होता, आणि तो कसला आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. मी शेडमधून बाहेर आले ती अंगावर भुसा घेऊनच.

त्यांनी फणस खाली ठेवला. "हे काय?"

"बाबा, ते रॅक..."

"सामान बांध."

अप्पा मागून आले, खिशात फ्यूज टाकत. बाबांनी नमस्कार केला. "साहेब, पोरीला शिकायला ठेवलीया हितं. आन् तुमी तिला मशीनीपाशी उभी करता? मी जन्म काढला तिथं. म्हणूनच हिला तिथनं भाईर काढली."

अप्पा बाबांच्या उजव्या हाताकडं बघत होते. बाबांनी हात पाठीमागं घेतला.

"बोट कुठं गेलं?"

"अळणावरलाच ऱ्हायलं."

"कसं?"

"तुमाला काय करायचंय?"

"मला संशय आहे," अप्पा म्हणाले. "तुम्हालाही माझा आहे. तो चांगला आहे, ठेवा तसाच. पण मुलीला न्यायच्या आधी तपासून घ्या. न तपासता निकाल देऊ नका."

मला वाटलं बाबा ऐकणार नाहीत. पण मशीन बघितल्यावर त्यांच्यानं राहवेना. आत जाऊन त्यांनी पट्टी हलवून बघितली, पातं किती वर येतं ते विचारलं, टेबलं गदागदा हलवली. बोर्डात फ्यूज नाही हे दोनदा बघून घेतलं. अप्पा प्रत्येक वेळी बाजूला होऊन त्यांना बघू देत होते. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कुणी आपल्याइतका संशयी भेटला होता आणि त्यांना ते आवडलं होतं.

"या, तिच्या जागी उभे राहा," ते बाबांना म्हणाले. "करवत खाली आहे. फ्यूज इथं आहे." त्यांनी खिसा थोपटला.

शीट पुढं आला. बाबांनी कड पकडली आणि सरावानं एका दमात आपल्याकडं ओढून घेतली.

"ओढलंत."

"मग? मागचा मानूस वडतोच की."

"इथं नाही. पुन्हा."

पुन्हा तेच. बाबांना कळत होतं, पण हात ऐकत नव्हते. मिलमध्ये त्यांनी सगळी वर्षं मागच्या माणसाचं काम केलं होतं, फळी करवतीतून आली की ओढून घ्यायची. त्यांच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. कपाळावर घाम आला. एकदा ते नुसते हात पसरून उभे राहिले, आणि शीट निम्मा आला तशी बोटं आपोआप मिटली.

"नापास," अप्पा म्हणाले.

अक्का दारातून ओरडल्या, "या इकडं, माझ्या पंगतीला बसा."

बाबा हसले नाहीत. "आता हिला उभी करा," ते म्हणाले. "मी बघतो."

मी उभी राहिले. परीक्षा तोंडावर होती, आणि वर्षभराचा अभ्यास त्या शेडमध्ये माझ्या पालथ्या नव्हे, उताण्या हातांवर येऊन थांबला होता. हात ओढले असते तर बाबांनी मला नेलं असतं आणि ते बरोबरच ठरलं असतं. तालीम झाली. अप्पांनी बाबांच्या समाधानासाठी ती पुन्हा घेतली. मग फ्यूज खिशातून काढला, बोर्डात बसवला आणि बाबांना स्विचपाशी उभं केलं.

"तुम्हाला कसलाही संशय आला तर बंद करा. मला विचारू नका."

मशीन सुरू झालं. शीट सरळ रेषेत येऊ लागला, मी हात खालून दिले, आणि मध्येच खट्कन सगळं थांबलं. बाबांनी स्विच बंद केला होता.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"काय न्हाई. बंद हुतंय का बघितलं."

अप्पांचा चेहरा असा खुलला होता की मी तो आधी कधी बघितला नव्हता. "शाब्बास," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

संध्याकाळी बाबांना स्टेशनवर सोडायला गेले. सामान बांध, हे त्यांनी पुन्हा म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. गाडीचा सिग्नल पडला. मग म्हणाले, "माझं बोट गेलं तवा फुडं उभा हुता तो माझा दोस्त. दोघांचा एकमेकावर लई विश्वास. न बघता काम चालायचं." गाडी फलाटाला लागली. चढता चढता म्हणाले, "हा मानूस मला पटला न्हाई. पन ह्याचा कुनावरच विश्वास न्हाई. ऱ्हा तू हितंच."

मी राहिले. पास झाले. पुढे नोकरीही धारवाडलाच लागली, कॉलेजात शिकवायची. नोकरीच्या आदल्या दिवशी अप्पांकडे पेढे घेऊन गेले तर त्यांनी पुडा धरला, मी धरला, आणि या वेळी आम्ही दोघंही सोडेनात. अक्कांनी मधून पेढा काढून घेतला तेव्हा सुटका झाली.

दोन हजारनंतर कधीतरी मी केलगेरीच्या तळ्याजवळ लहानसं घर घेतलं. आई तोवर गेली होती. बाबा मिल सोडून माझ्याकडं राहायला आले. घराला पुस्तकांचा रॅक हवा, आणि तो कुणाकडून हवा याबद्दल प्रश्नच नव्हता. बाबा आणि मी सप्तापूरला गेलो. अक्का आता फारशा उठत नव्हत्या, पण खाटेवरून म्हणाल्या, "या. आज परीक्षा कुणाची?"

शेड तशीच होती. माझं जुनं टेबल अजून ठोकळ्यांवर उभं होतं. अप्पा वाकले होते. शीट आडवा टाकायला बाबांनी हात लावला. करवत खाली, फ्यूज खिशात, मी पलीकडं. तालीम सुरू झाली. शीट संपत आला तेव्हा शेवटचा भाग पुढं सारायला अप्पांनी काठी घ्यायला हवी होती. नेहमी घ्यायचे. या वेळी त्यांचा उजवा हात सरळ पुढं गेला, जिथं पातं असतं त्या फटीवरून.

मी खाली बघितलं. ते थांबले.

"बघितलंत?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडं बघितलं.

"साक्ष द्या."

"गेला," बाबा म्हणाले. "हात वरनं गेला."

"पुन्हा."

पुन्हा केलं. काठी त्यांच्या डाव्या हाताशी होती. ते तिच्याकडं बघून निघाले होते. तरी हात गेलाच. ते बराच वेळ त्या हाताकडं बघत उभे राहिले, जसे एखाद्या पोकळ शीटकडं बघत.

"साकु," ते म्हणाले. पुरे.

त्यांनी खिशातून फ्यूज काढला. मला वाटलं माझ्याकडं देतील. ते बाबांकडं वळले. "हा तुमच्याकडं ठेवा. मी मागितला तरी देऊ नका. मी चांगला बोलतो, मला कोर्टात सगळे वश होते. तुमचा माझ्यावर विश्वास नाही म्हणून तुमच्याकडं."

बाबांनी बोट नसलेला हात पुढं केला, खालून, उताणा. फ्यूज त्यावर टेकला, पण अप्पांची बोटं वरून तशीच होती. बाबा थांबले. अप्पा त्यांच्या हाताकडं बघत होते, सवयीप्रमाणे. वेळ गेला. बाहेर कुणीतरी फाटक वाजवलं तरी कुणी हललं नाही. मग बोटं एकेक करून सुटली.

रॅक शेवटी आम्ही एका सुताराकडून करून घेतला. त्याची फळी मधे वाकली आहे.

फ्यूज आमच्याकडं देवाच्या फळीवर राहिला. पावसाळा संपता संपता एका सकाळी फोन वाजला. बाबांनी घेतला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आहे का अजून?"

"हाय की."

"कुणाला दिला नाही ना?"

"कोन मागतंय?"

मग अप्पा म्हणाले, "मी मागतोय. एक लहानसा पाट कापायचाय. हिच्यासाठी."

बाबांनी देवाच्या फळीकडं बघितलं. "न्हाई देणार, साहेब," ते म्हणाले. आणि मग, आवाज मऊ करून, "पाट मी हातकरवतीनं कापून आनतो. उंची सांगा."

पलीकडून नुसतं "हं" आलं आणि फोन ठेवल्याचा आवाज.

"खरंच मागत होते," मी विचारलं, "की तुम्हाला तपासत होते?"

बाबांनी खुंटीवरचा शर्ट घेतला. "कुनाला ठाव. अजून पुरता सोडला न्हाई त्यांनी," ते म्हणाले. "सोडतील. आपन वडायचं न्हाई."